वायरिंगची पुढची तपासणी कधी? ही तारीख कोण आणि कशावरून ठरवतं?

तिसरा_मजला (शनिवार, रात्री १०:४०)

मंडळी, मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे (वार्षिक सभेला गैरहजर होतो, त्याची शिक्षा). म्हणून हा प्रश्न माझ्या गळ्यात आलाय.

पुण्यातली सोसायटी, इमारत १९९३ ची, दोन विंग, ४० फ्लॅट. जुलैमध्ये लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून इलेक्ट्रिकल ऑडिट करून घेतलं. याआधी असं काही झाल्याचा एकही कागद दप्तरात नाही. रिपोर्ट तसा बरा आहे. मीटर रूममधला एक जॉइंट गरम होतोय, पार्किंगमधल्या एका डीबीला (वीज वाटणाऱ्या पेटीला) आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नाही, अर्थिंगचे दोन्ही खड्डे "समाधानकारक", मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) रीडिंग सगळीकडे "ओके". शेवटच्या पानावर छापील ओळ आहे, "पुढील तपासणीची शिफारस केलेली तारीख", आणि तिच्यासमोर पेनाने बरोबर पाच वर्षांनंतरची तारीख.

चेअरमन खूश, पाच वर्षांची कटकट मिटली म्हणून. पण पहिल्या मजल्यावरचे आजोबा वीज कंपनीतून निवृत्त झालेत, ते म्हणाले, एवढ्या जुन्या इमारतीला पाच वर्षं कुठली, वर्षाने करा. शेवटी कॉन्ट्रॅक्टरलाच फोन लावला, की ही तारीख कशावरून टाकलीत. तर म्हणाला, "तुम्ही सांगाल ती टाकतो साहेब. तीन करून देऊ का?"

आता तुम्हीच सांगा. पुढच्या महिन्यात एजीएम आहे आणि तिथे हा विषय येणार.

ओहमकाका (शनिवार, रात्री ११:२५)

त्या "तीन करून देऊ का" मध्ये सगळं आलं. वांग्याचा भाव चाललाय.

पाच वर्षं कुठून आली ते आधी सांगतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४६ वा नियम होता. चालू जोडणीची तपासणी पाच वर्षांपेक्षा जास्त अंतराने करायची नाही, असा. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, त्यात विनियम ३० मध्ये तीच मुदत राहिली. म्हणजे पाच वर्षं ही शेवटची हद्द. त्याच्या आत कुठे थांबायचं हे ज्याने मेगर हातात धरला त्याने ठरवायचं असतं. आपल्याकडे हद्दीवरच घर बांधायची पद्धत पडली आहे.

ठरवताना मी चार गोष्टी बघायचो. वायरिंग किती जुनं आणि कसलं. त्यावर लोड काय होता आणि आता काय आहे. मधल्या काळात कुणी हात लावला का, आणि लावला तो शहाण्याने की वॉचमनच्या भाच्याने. शेवटी जागा कशी आहे: कोरडी, दमट, धुळीची, उंदरांची. उंदरांना कमी लेखू नका.

तुमच्या रिपोर्टमध्ये मेगरचे आकडे आहेत का? की नुसतं "ओके"?

तिसरा_मजला (रविवार, सकाळी ८:१०)

काका, नुसतं "ओके". अर्थिंगलाही आकडा नाही.

ओहमकाका (रविवार, सकाळी ८:५०)

मग तो रिपोर्ट परत पाठवा. आकड्यांशिवाय तारीख ठरवताच येत नाही. का ते सांगतो.

आमच्या वेळी नियम होता: ५०० व्होल्टचा मेगर लावायचा, आणि ५० भागिले सर्किटवरच्या पॉइंट्सची संख्या, तेवढे मेगओहम तरी यायला हवेत. एकापेक्षा जास्त मागायची गरज नाही. म्हणजे १ मेगओहम आला की पास. आता समजा, एका सबमेनचं (मीटर रूममधून पुढे जाणाऱ्या केबलचं) रीडिंग आज ३ मेगओहम आलं. पास. दुसऱ्याचं २०० आलं. तेही पास. रिपोर्टमध्ये दोन्हीकडे "ओके". पण ३ वाला गेल्या खेपेला ६० होता की ४, त्यावर सगळा खेळ आहे. ६० वरून ३ वर आला असेल तर पाच वर्षं थांबणारा माणूस वेडा. ४ वरून ३ वर आला असेल तर घाई नाही.

तुमच्याकडे मागचा आकडाच नाही. पहिल्याच तपासणीत उतार कळत नाही, त्याला दोन रीडिंग लागतात. म्हणून पहिल्या तपासणीनंतरची तारीख नेहमी जवळची द्यायची, दीड-दोन वर्षं. दुसऱ्या खेपेला आकडे जागच्या जागी असले तर खुशाल चार वर्षं करा. लांबवायची ती पुराव्यावर.

बिल_कोण_भरणार (रविवार, सकाळी ९:३०)

हे सगळं वाचायला छान आहे. पण दर दीड वर्षाने ऑडिट म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची दिवाळी. जो तारीख लिहितो त्यालाच पुढचं काम मिळणार असेल तर तो जवळचीच लिहिणार ना? आमच्याकडे एकाने "दर सहा महिन्यांनी" असं लिहून दिलं होतं, आणि खाली त्याच्याच एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन जोडलेलं.

ओहमकाका (रविवार, सकाळी ९:४५)

रास्त शंका. म्हणून तारखेपुढे कारण लिहून घ्यायचं. "दोन वर्षं, कारण राइझर (मीटर रूममधून वर जाणारी केबल) मूळचा अॅल्युमिनियमचा आहे आणि मागील रीडिंग उपलब्ध नाही." असं लिहिलं की दुसरा कुणीही इंजिनिअर ते वाचून हो-नाही म्हणू शकतो. "सहा महिने" च्या पुढे कारण लिहायला सांगा, पेन आपोआप अडखळतं. पाच वर्षं लिहिणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारा.

उपविधी_पाठ (रविवार, सकाळी ११:००)

एवढा काथ्याकूट कशाला? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्ट्रक्चरल ऑडिटचं सरळ आहे: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर ५ वर्षांतून एकदा, ३० च्या पुढे ३ वर्षांतून एकदा. तेच माप विजेला लावा. १९९३ ची इमारत, तिशी ओलांडली, ३ वर्षं. एजीएममध्ये दोन मिनिटांत ठराव पास होईल. तुमचा कॉन्ट्रॅक्टरही तीनच म्हणत होता.

राइझर_आणि_मी (रविवार, दुपारी १:१५)

दोन मिनिटांत पास होईल, पण बरोबर होणार नाही. स्लॅब वयाने म्हातारा होतो, वायर लोडने.

मी हेच काम करतो म्हणून सांगतो. ९३ ची इमारत म्हणजे तेव्हा फ्लॅटमागे दोन-तीन पंखे, ट्यूबलाइट, फ्रिज, एखादा गीझर. त्या हिशोबाने राइझर टाकला. आज त्याच फ्लॅटमध्ये दोन एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीचा चार्जर लावलाय. आतलं वायरिंग बऱ्याच जणांनी नूतनीकरणात बदललेलं असतं, ते चार वर्षांचं. मीटर रूमपासून वर जाणारी केबल मात्र तीच, मूळची. मग "इमारतीचं वय" म्हणून कुठलं धरणार?

तुमच्या त्या गरम जॉइंटचं सांगतो, कारण तारखेच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. नव्वद टक्के वेळा दिसतं ते असं: तांब्याच्या बसबारवर (वीज वाटणाऱ्या पट्टीवर) अॅल्युमिनियमची लग (केबलच्या टोकाचं धातूचं टोपण) थेट आवळलेली, मध्ये दोन धातूंना जोडणारं बायमेटॅलिक काही नाही. लोड आला की तापतं, फुगतं. रात्री गार होऊन आक्रसतं. असं होत होत बोल्ट ढिला पडतो. ढिला पडला की अजून तापतं. केबलचं इन्सुलेशन लगपासून बोटभर तपकिरी आणि कडक झालेलं असतं, नखाने दाबलं तर खण् वाजतं. मीटर रूमचं दार उघडल्यावर मासळीसारखा वास आला तर हात न लावता आधी मेन बंद करायला सांगा.

इलेक्ट्रिशियन येतो, पाना फिरवतो, "टाइट केलं" म्हणतो. जळकी लग तशीच. अशा जागेला पाच वर्षं नाही, तीनही नाही. लग बदलायची, केबल चांगल्या तांब्या-अॅल्युमिनियमपर्यंत मागे कापायची, आणि महिन्याभरात भर लोडवर थर्मल कॅमेऱ्याने पुन्हा बघायचं. तो महिना झाला की मग बाकीच्यांच्या रांगेत बसवा.

राइझर_आणि_मी (रविवार, दुपारी १:२०)

"नव्वद टक्के" हा बोलायचा भाग, कुणी आकडेवारी मागू नका.

आणि हो, भर लोडवर म्हणजे संध्याकाळी आठला. सकाळी अकराला सगळे ऑफिसात, कॅमेऱ्यात सगळं निळं दिसणार आणि रिपोर्टला "सामान्य".

भूम_परांडा (रविवार, दुपारी ३:४०)

वर्षांवर इतकी चर्चा झाली, महिन्यावर कुणीच बोललं नाही.

धागाकर्ते, तुमचं अर्थिंग जुलैमध्ये मोजलं ना? पावसात पुण्यात कुठलाही खड्डा समाधानकारकच येणार. जमीन भिजलेली. आमच्याकडे काळ्या मातीखाली लगेच मुरूम, मग खडक. ऑगस्टात दीड-दोन ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात सात-आठवर जाताना मी स्वतः मोजलाय, त्याच मशीनने. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल आणि वर पाणी घालायला माळी नसेल तर आणखी वर.

अर्थिंगला सगळ्यात वाईट दिवस असतात ते उन्हाळ्याचे, म्हणून मोजायचं तेव्हाच. तुमच्या पाच वर्षांनंतरच्या तारखेतही महिना जुलै आहे बघा. म्हणजे पुढच्या वेळीही ओल्या जमिनीतच मोजणार, आणि पुन्हा समाधानकारक.

चिपळूणकडचा (रविवार, संध्या. ५:०५)

भूम_परांडा यांना अनुमोदन, पण आमच्याकडे इन्सुलेशनचं उलट होतं. एप्रिलमध्ये मेगर लावला की सगळं फर्स्टक्लास. श्रावणात भिंतीला हात लावला तर पाणी, बाहेरच्या बाजूच्या कंड्युटमध्ये (वायरच्या नळीत) ओल, आणि त्याच सर्किटचं रीडिंग दाणकन खाली. एखाद्या गॅलरीतला दिवा लावला की आरसीसीबी पडतो, ऑक्टोबरमध्ये आपोआप बरा होतो, आणि लोक त्याला बायपास करून मोकळे होतात. म्हणून मी सांगतो: अर्थिंग वैशाखात, मेगर श्रावणात. एकाच दिवशी दोन्ही करणारा एकात तरी फसणार.

दुसरं. २२ जुलै २०२१ ला आमच्या गावात जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तळमजले बुडाले, मीटर बुडाले. पाणी ओसरल्यावर लोक विचारत होते, "आमचं गेल्याच वर्षी चेक केलंय, चार वर्षं आहेत अजून, चालू करू का?" पाणी शिरलं त्या क्षणी ती तारीख संपली. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी धुऊन-वाळवून वापरायचे नसतात, बदलायचे. आत गाळ बसतो आणि वेळेवर पडायचं तेच विसरतात. वायर पूर्ण वाळू द्यायची, मेगर करायचा, काही आठवड्यांनी परत करायचा. तुमच्या रिपोर्टमध्ये "पूर, आग, लोडवाढ यांपैकी काही घडल्यास ही तारीख लागू नाही" अशी ओळ आहे का बघा. नसेल तर घालून घ्या.

पुरणपोळी_इन_स्लाउ (रविवार, रात्री ९:५०)

इकडे इंग्लंडमध्ये याच तारखेवरून घरमालक रडकुंडीला येतात, म्हणून लिहिते. आमचं एक छोटं घर भाड्याने दिलेलं आहे.

१ जून २०२० ला इथे भाड्याच्या घरांच्या सक्तीच्या तपासणीचे नियम अमलात आले. नव्या करारांना १ जुलै २०२० पासून, जुन्यांना १ एप्रिल २०२१ पासून. रिपोर्टला ईआयसीआर म्हणतात. निदान पाच वर्षांतून एकदा करायची. पण खरी मेख पुढे आहे: इलेक्ट्रिशियनने रिपोर्टमध्ये पाचपेक्षा कमी वर्षं लिहिली तर मालकाला तीच पाळावी लागतात. म्हणजे त्याने "३" लिहिलं की ते सल्ला राहत नाही, कायदा होतो. प्रत भाडेकरूला २८ दिवसांत द्यायची, दोष सापडले तर २८ दिवसांत दुरुस्ती.

दोषांना कोड असतात. सी१ म्हणजे आत्ता धोका, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी३ म्हणजे सुधारा तर बरं, आणि एफआय म्हणजे अजून शोध घ्या. सी१, सी२ किंवा एफआय असेल तर रिपोर्ट नापास. त्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मुदतींचा तक्ता आहे: मालक स्वतः राहतो त्या घराला १० वर्षं, भाड्याच्या घराला ५, कॅरव्हॅनला ३, पोहण्याच्या तलावाला १, बांधकामाच्या साइटला ३ महिने. पण ही कमाल मर्यादा समजायची असंही तेच सांगतात. वायरिंगच्या मानकात तर स्पष्ट आहे की वापर, देखभाल आणि आजूबाजूची परिस्थिती बघून मुदत ठरवा. काकांच्या चार गोष्टी त्याच!

तरी आमच्याकडे आलेल्याने आत शिरायच्या आधीच फॉर्मवर "५" भरलेलं होतं. गोरा झाला म्हणून काय झालं.

तिसरा_मजला (रविवार, रात्री १०:३०)

वा, धागा चांगलाच तापलाय (जॉइंटसारखा). दोन शंका.

१. मुदत मोजायची कधीपासून? तपासणी जुलैमध्ये, रिपोर्ट हातात आला सप्टेंबरमध्ये, दुरुस्ती अजून व्हायची आहे. चेअरमन म्हणतात, दुरुस्ती झाली की तिथून पाच.

२. आम्ही जानेवारी आणि जुलैला फायरचं फॉर्म बी भरतोच. त्यात वीज येत नाही का?

राइझर_आणि_मी (रविवार, रात्री ११:१०)

१. तपासणीच्या दिवसापासून. आकडे त्या दिवसाचे आहेत. दुरुस्ती झाली की तेवढ्या कामाचा वेगळा कागद करा, त्यावर त्याची वेगळी रीडिंग. एक लग बदलली म्हणून बाकीच्या चाळीस सर्किटांचं वय कमी होत नाही. आणि उशीर झालाच तर पुढची तारीख ढकलू नका, नाहीतर दर खेपेला दोन-दोन महिने सरकत उन्हाळ्याचं अर्थिंग पुन्हा पावसाळ्यात जातं.

२. नाही. तो २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा. हायड्रंट, पंप, एक्स्टिंग्विशर, अलार्म चालू स्थितीत आहेत हे परवानाधारक एजन्सी लिहून देते. मीटर रूममधली लग त्यात कुणी बघत नाही. आग लागल्यावर काय, ते फॉर्म बी. आग लागू नये म्हणून काय, ते तुमचं ऑडिट. पुष्कळ सोसायट्या एकच फाइल दाखवून दोन्ही झालं म्हणतात.

ओहमकाका (सोमवार, सकाळी ७:३०)

एक भर. २०१० चे विनियम जाऊन आता २०२३ चे आलेत. अधिसूचित (सरकारने ठरवून दिलेल्या) व्होल्टेजच्या वरच्या जोडण्या विद्युत निरीक्षक तपासतो, त्याखालच्यांचं मालकाने स्वतः प्रमाणित करायचं. म्हणजे सोसायटीच्या बाबतीत घोंगडं कमिटीच्याच गळ्यात आहे. काही झालं आणि "तारीख कशावरून ठरवली" असं कुणी विचारलं तर "कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, तीन करू का" हे उत्तर चालणार नाही.

बटणवाली (सोमवार, सकाळी १०:२०)

आरसीसीबीच्या टेस्ट बटणाबद्दल कुणीच बोललं नाही. त्यावरच छापलेलं असतं, ठरावीक काळाने दाबा म्हणून. माझ्या माहितीतल्या एकाही घरात कुणी दाबत नाही, कारण मायक्रोवेव्हचं घड्याळ परत लावावं लागतं.

राइझर_आणि_मी (सोमवार, सकाळी १०:४५)

महिन्यातून एकदा दाबा, वीजबिल भरायच्या दिवशी. ही तारीख रिपोर्टमध्ये शोधू नका, ती घरच्यांची. फक्त एवढं समजा की बटण दाबल्याने आतला खटका चालतो की नाही एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही, किती वेळात पडला तेही नाही. ३० मिलिअॅम्पचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा, पाचपट गळतीला ४० च्या आत. ते मोजायला उपकरण लागतं, ते ऑडिटवाल्याने आणायचं. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने आणलं होतं का विचारा.

तिसरा_मजला (बुधवार, रात्री ९:१५)

विचारलं. आणलं नव्हतं. आता पुन्हा येतोय, बिल न लावता, आकडे भरून देतो म्हणाला. एजीएमसाठी मसुदा असा केलाय, बघा जरा:

"गरम जॉइंट: लग बदलल्यापासून एका महिन्यात रात्री ८ वाजता थर्मल तपासणी. अर्थिंग: या वर्षीचं रीडिंग ओल्या जमिनीत घेतल्यामुळे ग्राह्य धरू नये, पुढील मे महिन्यात, त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात. राइझर व सामाईक वायरिंग: २ वर्षांनी, ऑगस्टमध्ये, कारण मागील रीडिंग उपलब्ध नाही, आकडे स्थिर असल्यास पुढची मुदत ४ वर्षं. गाडीचा नवा चार्जर, सोलर किंवा पाणी शिरणं, यांपैकी काही घडल्यास संबंधित भागाची तपासणी लगेच."

चेअरमन एवढंच म्हणाले, एका तारखेच्या चार झाल्या.

भूम_परांडा (बुधवार, रात्री ९:४०)

"मे महिन्यात" च्या जागी "१५ एप्रिल ते मेअखेर" करा. वळवाचा एक पाऊस झाला की मोजमाप फुकट.

बिल_कोण_भरणार (बुधवार, रात्री १०:००)

मसुदा पटला. मेची अर्थिंग मोजणी म्हणजे दोन खड्डे, तासाभराचं काम, त्याला पूर्ण ऑडिटचे पैसे देऊ नका. आणि ज्या फ्लॅटमध्ये आत शिरूच दिलं नाही, त्यांचं काय लिहिणार?

ओहमकाका (गुरुवार, सकाळी ७:०५)

"तपासलं नाही" असं लिहायचं आणि फ्लॅट नंबर. पुढची तारीख त्यांच्यापुढे घालायची नाही. बघितलंच नाही त्याला मुदत कसली द्यायची?

तिसरा_मजला (गुरुवार, सकाळी ८:३०)

असे सात निघाले. त्यातला एक चेअरमनसाहेबांचा.